पावतीवर नसलेलं काम

३ फेब्रुवारी

धाकटे,

पाकिटावरचं माझं अक्षर पाहून तू हे न उघडताच फेकून दिलं असतंस, म्हणून पत्ता दुकानातल्या काउंटरवरच्या बाईंकडून लिहून घेतला. आता उघडलंच आहेस तर वाच.

माफी मागायला लिहीत नाहीये. ते आधीच सांगते, नाहीतर तू शेवटच्या ओळीपर्यंत तेच शोधत बसशील. मामांचा निरोप आहे म्हणून लिहितेय. वीस मार्चला त्यांना ऐंशी पूर्ण होतात. दुपारी सगळे त्यांच्याकडे जेवायला जमणार आहेत आणि तूही यावंस असं त्यांना वाटतं. तुला सांगायची हिंमत नाही, म्हणून मला पुढे केलं. तुझा पूर्वीचा नवराही असेल. मामांचा अजून त्याच्याशी पत्त्यांचा डाव रंगतो. जावई गेला तरी भिडू जाऊ नये असं त्यांचं मत दिसतं. तिथे आल्यावर कळून तू दारातून परत फिरू नयेस, म्हणून हेही आताच लिहून टाकलं.

नऊ वर्षांपूर्वी माझ्या दारात उभी राहून तू म्हणालीस, "ताई, तुझा चांगुलपणा मला नको. तुझ्यापाशीच ठेव." ठेवला. अजून शाबूत आहे.

मी त्याच दुकानात आहे. पुढे कपडे धुवायला आणि इस्त्रीला घेतात, मागे खिडकीपाशी माझं टेबल. चष्म्याचा नंबर वाढला, पण हात तसाच आहे. कपड्याच्या आतल्या शिवणीतून त्याचाच धागा ओढून काढायचा आणि भोकावर एकेक उभा-आडवा विणत जायचा. काम झालं की गिऱ्हाईक कपडा उजेडात धरतं, उलटसुलट करतं आणि विचारतं, "कुठे होतं हो?" त्या एका प्रश्नासाठी मी तीस वर्षं मान मोडून घेतली आहे.

आणि हो, पावतीवर नसलेलं काम मी अजूनही करते. इस्त्रीला आलेल्या शर्टाचं बटण लोंबत असेल तर पक्कं करते. खिशाला भोक असेल तर शिवते. काउंटरबाहेर माझ्या घरचं स्टूल नेऊन ठेवलंय, कारण पायऱ्या चढून आलेल्या म्हाताऱ्या माणसाने उभ्याउभ्या पावती का शोधावी? कुरिअरवाल्याला पाणी विचारते. तणतणत आलेल्या माणसाला आधी बसा म्हणते आणि मग त्याचा कपडा हरवलाय हे सांगते. मालक म्हणतात, "ताई, तुम्ही लोकांना लाडावून ठेवता." मी म्हणते, "कोणीतरी ठेवायला हवं ना."

यातलं काहीही मी सोडणार नाही. तू बोलत नाहीस म्हणून तर मुळीच नाही.

येणार असशील तर कळव. नसशील तरी कळव. कोणी बोलावलं तर निदान उत्तर द्यावं, एवढं आईने आपल्याला शिकवलं होतं.

ताई


१६ फेब्रुवारी

धाकटे,

उत्तर नाही. बरं. हट्ट काही तुझ्या एकटीच्या वाट्याला आलेला नाही, म्हणून दुसरं लिहितेय. शिवाय एक गोष्ट कोणाला तरी सांगायलाच हवी आणि घरात भिंतींशिवाय कोणी नाही.

माझं पहिलं पत्र टाकलं त्याच आठवड्यात एक बाई कोट घेऊन आली. पुरुषाचा, गडद राखाडी, जाड लोकरीचा. उजवी बाही कोपरापाशी फाटलेली. बाई घाईत होती. म्हणाली, "फक्त इस्त्री करा. बाकी काही नको. आमच्या मिस्टरांना पुढच्या महिन्यात साहेबांपुढे घेऊन जायचाय, नीट दिसायला हवा." जाताना दारातून वळून पुन्हा म्हणाली, "बाकी काही नको हं."

मी काय अर्थ घेतला असेल ते तुला सांगायला नको. परवडत नाही म्हणून म्हणतेय, आणि तसं बोलून दाखवायची लाज वाटतेय. फाटक्या बाहीने माणूस साहेबांपुढे कसा उभा राहील? मी दोन दिवस जेवणाच्या सुट्टीत त्या बाहीला बसले. बोटभर लांब फाटलं होतं आणि त्याच्या कडेने ओळीत सहा भोकं, एकाच मापाची, सारख्या अंतरावर. कसर, सिगारेट, खिळा, कुत्रा, सगळ्यांची भोकं मी ओळखते. ही ओळखीची नव्हती. पण हे कशाने झालं असेल, असा प्रश्न मला पडलाच नाही. पडला तो एवढाच, की आधी कुठल्या बाजूने भरायला घ्यावं. इतकं सुरेख काम माझ्या हातून गेल्या पाच-सहा वर्षांत झालं नव्हतं.

बाईने कोट नेला तेव्हा मी काही बोलले नाही. न सांगता करायचं आणि त्यांनी घरी जाऊन चकित व्हायचं, त्यातच तर मजा.

झाले चकित. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचे मिस्टरच आले. उजव्या हाताला बँडेज, कोट डाव्या हातात. मी स्टूल पुढे केलं.

"बसायला नाही आलो," ते म्हणाले. कोट काउंटरवर पसरला, बाहीवरून बँडेजमधलं बोट फिरवलं आणि विचारलं, "माझं फाटलेलं कुठंय?"

तीस वर्षांत हा प्रश्न मला असा कोणी विचारला नव्हता.

ते पॅकिंगच्या कारखान्यात होते. तिथे मशीनवर एक दातेरी पट्टा फिरतो. त्यावर लोखंडी झाकण हवं, ते, काम भराभर उरकावं म्हणून, कंपनीने काढून ठेवलं होतं. शेडला दरवाजा नाही, थंडीत सगळे कोट घालूनच काम करतात. बाही कोपरापर्यंत आत ओढली गेली आणि दोन बोटं गेली. कंपनी म्हणते, झाकण होतं. यांनीच खालून निष्काळजीपणे हात घातला. त्यावरून कामावरून काढलं. कामगार कार्यालयात पाच मार्चला सुनावणी आहे. झाकण असतं तर बाही मनगटापुढे जाऊच शकली नसती, आणि फाटलं होतं कोपराला. सहा भोकं म्हणजे पट्ट्याचे सहा दात. कोट हाच यांचा साक्षीदार. मोबाइलवर एक फोटो आहे, पण तो अंधुक, आणि कंपनीचा वकील म्हणतो की फोटोतली बाही कोणाचीही असेल. आणि त्यांनी बायकोला बजावलं होतं की फाटलेल्याला कोणाला हात लावू देऊ नकोस.

"ती तुम्हाला बोलली नव्हती?" त्यांनी विचारलं.

"दोनदा बोलल्या," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार.

ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर मला जमलं असतं, ओरडणाऱ्यांशी कसं वागायचं ते मला येतं. त्यांनी कोटाची घडी घालायचा प्रयत्न केला, एका हाताने जमेना, आणि मी मदतीला हात पुढे केला तर ते कोट घेऊन मागे सरकले.

संध्याकाळी मालकांनी माझ्या टेबलासमोरच्या भिंतीवर कागद लावला. "पावतीवर लिहिलेलेच काम होईल. इतर कशालाही हात लावला जाणार नाही." त्याचा खालचा कोपरा नीट चिकटला नव्हता. तो मी चिकटवून दिला.

ताई


२५ फेब्रुवारी

धाकटे,

तुझं कार्ड मिळालं. नऊ वर्षांनी चार शब्द. "निळा स्वेटर आठवतो का?" खाली सही नाही, येतेस की नाही याचा पत्ता नाही.

आठवतो. पुढे?

त्या दिवशी मी तुला गरम पाणी काढून दिलं होतं, माझं अंथरूण दिलं होतं आणि स्वतः जमिनीवर झोपले होते. चार दिवस कोणाला तुझ्या खोलीत पाऊल टाकू दिलं नाही. हे आठवतं का, असं कार्ड मीही पाठवू शकते. मला त्या स्वेटरबद्दल बोलायचं नाही. मला इथे आधीच पुरे झालंय.

मी सुनावणीला जाऊन खरं काय ते सांगणार, असं दुकानात बोलून गेले. मालकांनी चहाचा कप खाली ठेवला.

"ताई, त्या कारखान्याचे सगळे युनिफॉर्म आपल्याकडे येतात. आठवड्याला तीन गाठोडी. माहीत आहे ना?"

"माहीत आहे. त्यांची बटणं मीच लावते."

"मग त्यांच्याविरुद्ध साक्ष द्यायला आपलं माणूस जाणार?"

"मी विरुद्ध कुठे जातेय? एका बाहीबद्दल बोलायला जातेय."

"पाचला गेलात," ते म्हणाले, "तर सहाला येऊ नका." आणि मग जरा मऊ आवाजात, कारण माणूस मुळात वाईट नाही, "तुम्ही इतक्या चांगल्या आहात हो. कशाला नसत्या भानगडीत पडता?"

धाकटे, मी आजवर हजार वेळा हे वाक्य ऐकलंय आणि दर वेळी मला बरं वाटलंय. या वेळी मस्तकात तिडीक गेली. चांगली आहे म्हणजे काय, तर गप्प बसते. एवढंच?

काउंटरवरच्या बाईंना पत्ता विचारून मी त्या कोटवाल्यांच्या घरी गेले. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. बाईने दार उघडलं आणि मला पाहून तिचा चेहरा उतरला. मी काही नेलं नव्हतं. वाटेत फळांच्या दुकानापाशी पाय थबकले होते, पण म्हटलं, नको, यांनी मागितलेलं नाही. ते खिडकीशी बसून डाव्या हाताने नाव लिहायचा सराव करत होते.

"आता आणखी काय चांगलं करायचं बाकी राहिलंय?" त्यांनी विचारलं.

"काही नाही," मी म्हणाले. "विचारायला आलेय. सुनावणीला येऊ का? तुम्ही नको म्हणालात तर नाही येणार."

त्यांनी पेन खाली ठेवलं. बाई त्यांच्याकडे बघत होती. मला तेवढ्यात तीनदा बोलावंसं वाटलं आणि तिन्ही वेळा मी जीभ आवरली. किती अवघड असतं ते मला माहीत नव्हतं. आपण आपलं करून मोकळं होणं फार सोपं.

"या," ते शेवटी म्हणाले. "पण सुई घरी ठेवून या."

मी म्हटलं, सुई लागेल. पण या वेळी उसवायला.

ताई


६ मार्च

धाकटे,

या वेळी पत्ता शेजारच्या काकांनी लिहून दिला. काउंटरवरच्या बाई आता रोज भेटणार नाहीत. आज सकाळी दुकानात गेले तर माझ्या टेबलावर हँगरांचा ढीग. मालकांनी नजर वर केली नाही. मी कात्री, चष्म्याची डबी आणि सुयांचा डबा उचलला. स्टूल तिथेच ठेवलं. ते गिऱ्हाइकांचं आहे.

काल काय झालं ते सांगते.

खोली लहान होती. लांब टेबल, त्यावर काच, काचेखाली जुनी वेळापत्रकं. अधिकारी एक बाई होत्या, सर्दी झालेल्या, रुमाल बाहीत खोचलेला. कंपनीचे वकील उठून उभे राहिले आणि त्यांनी माझ्यासाठी खुर्ची ओढली. इतके सभ्य गृहस्थ मी बऱ्याच दिवसांत पाहिले नव्हते.

"ताई, आपण किती कष्टाचं काम करता," ते म्हणाले. "कोट आता किती छान दिसतोय. झालं ते झालं. उगाच जुनं उकरून काढण्यात काय अर्थ? सगळ्यांचं भलं यातच आहे."

वाक्य माझंच होतं. आवाजही माझा होता, तोच मऊ, खालच्या पट्टीतला, समोरच्याला खुर्ची देऊन मग बोलायचा. तू ओळखलंच असशील. मी हे कोणाला म्हणाले होते ते तुझ्याइतकं कोणाला ठाऊक आहे?

मी अधिकारी बाईंना विचारलं, "उसवू का?"

"उसवल्यावर जे निघेल ते तुम्हीच केलंय असं हे म्हणतील," त्या म्हणाल्या.

"म्हणू देत. मी फाटलेल्या कडा कापत नाही, मागे दुमडते. मशीनचं ग्रीस त्या कडांवर तसंच असेल. कोट धुतलेला नाही, नुसती इस्त्री केलीय. आणि मी काय करतेय ते सगळ्यांना दिसेल असं करीन."

त्यांनी कोटवाल्यांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. मग मी बसले.

रफू करायला दोन दिवस लागले होते, उसवायला तासभर लागला. आपलंच सुंदर काम सुईच्या टोकाने एकेक धागा उचलून काढायचं म्हणजे काय असतं, ते मी कोणाला समजावू शकणार नाही. मध्येच अधिकारी बाई उठल्या आणि त्यांनी माझ्यासमोर पाण्याचा पेला ठेवला. तेही कुठल्या पावतीवर नव्हतं. पहिलं भोक उघडलं, मग दुसरं. सहावं उघडलं तेव्हा मागे दुमडलेल्या कडा काळ्या तेलकट होऊन बाहेर आल्या, जशा दुमडल्या होत्या तशाच. कंपनीनेच जोडलेला मशीनचा नकाशा फाइलमध्ये होता, त्यात पट्ट्याच्या दातांचं अंतर दिलेलं होतं. बाईंनी पट्टी ठेवून मोजलं आणि लिहून घेतलं. वकिलांनी पुन्हा एकदा माझ्या कष्टांचं कौतुक केलं, पण आता त्यांचा आवाज पातळ झाला होता.

निकाल यायचाय. बाहेर पायरीवर कोटवाल्यांची बायको मला म्हणाली, "तुम्ही तेव्हाच विचारलं असतं तर?" तिने टोमणा मारला नव्हता, खरंच विचारत होती. मी म्हटलं, "मला विचारायची सवय नाही." तिने मान डोलावली, सर्दी-पडशाबद्दल ऐकल्यासारखी.

आता तुझा स्वेटर.

बारा वर्षांपूर्वी तू माझ्याकडे आलीस तेव्हा त्याची डावी बाही खांद्यापासून फाटून लोंबत होती आणि मनगट सुजलं होतं. दवाखान्यात डॉक्टरांनी तुला विचारलं, "कसं झालं?" तू तोंड उघडायच्या आत मी म्हणाले, "पायरीवरून पडली." मला वाटलं, परक्या माणसापुढे तुला बोलायला लागू नये. तू झोपलीस तेव्हा मी आतल्या पट्टीची लोकर काढून ती बाही जोडली, इतकी बेमालूम की उठल्यावर तू स्वेटर हातात घेऊन नुसती बघत राहिलीस. मला वाटलं, तुला आवडलं.

चौथ्या दिवशी तुझा नवरा तुला न्यायला आला. मी त्याला खुर्ची दिली, चहा दिला, तुला आत येऊन सांगितलं, "जा आता, सगळ्यांचं भलं यातच आहे." तू तो स्वेटर घालून त्याच्या मागे पायऱ्या उतरलीस. खालून कोणी पाहिलं असतं तर म्हटलं असतं, काय छान जोडा आहे.

तीन वर्षांनी तू त्याला सोडून आलीस, मामांना सगळं सांगितलंस. मामांनी माझ्याकडे पाहून विचारलं, "तेव्हा ती पायरीवरून पडली होती ना?" आणि मी, तुझ्यासमोर, म्हणाले, "हो." म्हातारा माणूस, त्याला उगाच धक्का नको. त्या वेळी मी हाच विचार केला होता, शपथेवर सांगते. तू स्वेटर काढून माझ्या खुर्चीवर टाकलास आणि दारात उभी राहून चांगुलपणाचं ते वाक्य बोलून गेलीस.

मी तुझ्या फाटलेल्याला हात लावला. तू मागितलं नव्हतंस. आणि तुझा एकुलता एक साक्षीदार मीच पुसून टाकला. हे लिहायला मला नऊ वर्षं आणि एक कोट लागला.

ताई


२१ मार्च

धाकटे,

निकाल परवा आला. कोटवाल्यांना कामावर घेतलंय, मशीनपासून दूर, गोदामाच्या नोंदी ठेवायला. झाकण लावायचा हुकूम झालाय. त्यांची बायको सांगायला घरी आली होती. जाताना म्हणाली, "एक विचारू? माझ्या शालीला भोक पडलंय." मी म्हटलं, "दिसायला हवं की नको?" आम्ही दोघी हसलो. मग तिने शाल ठेवली. दिवसभर खिडकीशी बसून केली. दुकानाहून उजेड बरा आहे इथे, आणि भिंतीवर कागद नाहीत.

मामांकडे काल जेवण होतं. तू येणार नाहीस हे मला माहीत होतं, तरी तुझी खुर्ची रिकामी ठेवायला लावली. तो आला होता. मी आत शिरले तशी त्याने उठून मला आपली खुर्ची दिली. मी थँक्यू म्हणून बसले. सभ्यपणा सोडायचा असं माझं काही ठरलेलं नव्हतं.

पानं वाढून झाल्यावर मामा म्हणाले, "धाकटीही आली असती तर बरं झालं असतं. तिचा स्वभावच तसा."

"मामा," मी म्हणाले, "ती पायरीवरून पडली नव्हती."

सगळ्यांचे हात थांबले. मामांनी कान पुढे केला, ऐकू आलं असूनही. "आज कशाला गं ते? ऐंशी वर्षांचा झालोय मी."

"म्हणूनच. नव्वदीपर्यंत थांबायचा विचार नाही. मी खोटं बोलले होते. डॉक्टरांशी, तुमच्याशी, सगळ्यांशी. तिची बाही खांद्यापासून फाटलेली होती आणि मनगट सुजलं होतं. तिला याने मारलं होतं. तिने नऊ वर्षांपूर्वी सांगितलं ते अक्षर न् अक्षर खरं होतं, आणि तुम्ही विचारलंत तेव्हा मी तिला तोंडघशी पाडलं."

आवाज चढवला नाही. तुला माहीत आहे, मला तो चढवता येत नाही. पण शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू गेला.

तो माझ्याकडे पाहून हसला, दुखावल्यासारखा. "ताई, तुम्ही तर किती चांगल्या होतात."

"अजूनही आहे," मी म्हणाले. "मीठ इकडे कर."

त्याने केलं. सवयीने केलं असेल. मग हात पुसून उठला आणि गेला. कोणी त्याला थांबवलं नाही. मामी आत जाऊन भांडी आपटत राहिली. मी माझं जेवण पूर्ण केलं, सगळ्यांची ताटं उचलली आणि मामांना औषधाची गोळी दिली. त्यांनी ती घेतली आणि पत्त्यांचा जोड टेबलाच्या खणात टाकून खण लावून घेतला. जरा वेळाने खाली बघत म्हणाले, "तिचा पत्ता दे मला."

मी म्हणाले, "तिला विचारल्याशिवाय देणार नाही."

तर विचारतेय. देऊ का?

पत्राबरोबर पार्सल आहे. तुझा निळा स्वेटर. नऊ वर्षं कपाटात होता. काल मामांकडून आल्यावर मी त्याचं रफू उसवलं. बाही आता तशीच लोंबतेय, जशी तू आलीस तेव्हा होती. निघालेली लोकर कागदात गुंडाळून ठेवलीय. धुतला नाही, इस्त्री केली नाही. कोणाला दाखवायचा असेल तर दाखव, जाळायचा असेल तर जाळ. शिवायचा असेल तर मी शिवीन, तू सांगशील त्या रंगाने, लाल म्हणालीस तर लालने.

माफी मागणार नाही असं पहिल्याच पत्रात लिहिलं होतं. अजूनही मागत नाही. माफी मागितली की समोरच्या माणसाला काहीतरी द्यावं लागतं, आणि तुझ्याकडून माझं भरपूर घेऊन झालंय. चांगुलपणाही सोडणार नाही. लोकांना पाणी विचारीन, स्टूल देईन, बटणं लावीन. त्याचं पांघरूण मात्र पुन्हा कोणावर घालणार नाही.

या वेळी पाकिटावर पत्ता मी स्वतः लिहिला आहे, ठळक आणि मोठा. हे वाचत असशील तर माझं अक्षर ओळखून उघडलं आहेस.

ताई